थॉरचा हातोडा आणि आखूड दांडा

कास्टिंगमधले डिफेक्ट्स आपण व्हायवाच्या आदल्या रात्री पाठ करतो. पण एका डिफेक्टला हजार वर्षांपासून लोक गळ्यात घालतायत, हे मला या वर्षीच कळलं.

ताई जर्मनीत एम.एस. करते. तिला नॉर्स पुराणकथांचं भारी वेड. वाढदिवसाला स्वतः ओतलेलं लॉकेट पाठवायचं असं मी ठरवलं. नेटवरून वेगविसिर नावाचं होकायंत्रासारखं चिन्ह उचललं आणि मध्ये 'ओथाला' हे रून अक्षर बसवलं. अर्थ वडिलोपार्जित घर-जमीन. म्हटलं, घरापासून लांब राहणाऱ्या मुलीला याहून छान काय द्यायचं? ड्रॉइंगचा फोटो पाठवला आणि दहा मिनिटांत फोन. "अगं वेडे, हे घालून मी इथे बाहेर पडू?" ओथाला नाझींच्या एस.एस.ने वापरलं होतं आणि आजही निओ-नाझी गट ते मिरवतात. आपल्या स्वस्तिकाचं तिकडे काय झालं ते माहीत असूनही मला हे सुचलं नाही, याची लाज वाटली. मग जरा नीट वाचलं, तर वेगविसिरही व्हायकिंगांचं नव्हेच. ते सापडतं १८६० च्या एका आइसलँडिक हस्तलिखितात!

व्हायकिंग खरोखर गळ्यात घालत तो थॉरचा हातोडा, म्योल्निर. थॉर म्हणजे विजांच्या गडगडाटाचा देव, साधारण आपल्या वज्रधारी इंद्रासारखा. आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसनने १२२० च्या सुमारास लिहिलेली कथा अशी: दोन बुटके भाऊ पैजेवर हातोडा घडवत होते. भाता एक क्षणही थांबता कामा नये, ही अट. लोकी हा कपटी देव माशी होऊन भाता मारणाऱ्याच्या पापणीला चावला. डोळ्यात रक्त उतरलं, माशी हाकलायला त्याने हात उचलला, भाता बसला. हातोड्याचा दांडा आखूड झाला! तरीही देवांनी सगळ्या वस्तूंत तोच उत्तम ठरवला. (आमच्या वर्कशॉपच्या सरांनी नक्की रिजेक्ट केला असता.)

अशी लॉकेट्स नवव्या ते अकराव्या शतकातली. तेव्हा तिकडे ख्रिस्ती धर्म पसरत होता. डेन्मार्कमध्ये ट्रेंडगार्डनला सापडलेल्या दहाव्या शतकातल्या सोपस्टोनच्या एकाच साच्यात क्रूसही ओतता येतात आणि हातोडाही. कारागीर हुशार, गिऱ्हाईक कुठल्याही देवाचं असो! २०१४ मध्ये डेन्मार्कच्याच लोलँड बेटावर एक कांस्याचा हातोडा मिळाला. त्यावर रून लिपीत चक्क 'हा हातोडा आहे' असं लिहिलंय, तेही एक अक्षर गाळून. ड्रॉइंगशीटवर आपण लेबल टाकतो तसंच.

मग मीही सोपस्टोनच घेतला. मऊ असतो, साध्या चाकूने कोरला जातो. दोन सपाट तुकडे, एकात हातोड्याचा खळगा, धातू ओतायला डोक्याच्या बाजूने तोंड. धातू म्हणून कथील, कारण ते २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. सोल्डर वायर वितळवायचा मोह होतो, पण तिच्यात बहुतेक वेळा शिसं असतं. अंगावर घालायच्या वस्तूत ते नको.

पहिल्यांदा साचा नीट वाळवला नव्हता. ओलाव्याची वाफ झाली आणि कथील फटकन उसळलं. हातमोजे आणि गॉगल होता म्हणून बचावले. साचा तापवून घेतल्याशिवाय ओतायचं नाही, हे पुस्तकात वाचलं होतंच की! दुसऱ्यांदा वाळवला, पण गप्पांत पुन्हा गार होऊ दिला. कथील बारीक दांड्यात शिरता शिरता गोठलं. पुस्तकी भाषेत 'मिसरन'. त्यात टोकाला हवा बाहेर जायला चीरही ठेवली नव्हती. ३२ मिलिमीटरचा हातोडा २४ चाच निघाला, दोरी ओवायची कडी गायब.

परत वितळवायला घेतला आणि हसूच आलं. दांडा आखूड! लोकी आमच्या वर्कशॉपातही येऊन गेला म्हणायचा. ठेवला तसाच. उरलेल्या दांड्याला २ मिलिमीटरचं भोक पाडलं, कडा फाइलने घासल्या आणि मागे स्क्रायबरने रून अक्षरांत 'हा हातोडा आहे' कोरलं. अक्षर न गाळता.

पार्सल मागच्या गुरुवारी पोस्टात टाकलं. थर्सडे म्हणजे थॉरचाच वार. एवढं मात्र ठरवून केलं.