शाळेचा निकाल कसा वाचावा?

दरवर्षी दहावीचा निकाल लागला की सातपाटीच्या नाक्यापासून पालघर स्टेशनपर्यंत आणि तिकडे बोईसर-तारापूरच्या वसाहतीपर्यंत शाळांचे फलक झळकू लागतात. 'शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा' हे शब्द आता आपल्या पाठ झाले आहेत. जून महिन्यात मुलाचे नाव कोणत्या शाळेत घालायचे हे ठरविताना आपणही प्रथम हाच आकडा विचारतो. त्यात गैर काहीच नाही. ज्या घरात शिकलेली पहिलीच पिढी आहे, त्या घराला दुसरा आधार तरी कोणता?

काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीत दहावी उत्तीर्ण मुलांचा सत्कार झाला. एका शाळेचा शंभर टक्के निकाल लागल्याबद्दल भाषणात अभिनंदन करण्यात आले. कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलताना एका पालकाने मला बाजूला घेऊन विचारले, "भाऊ, तुम्ही बँकेत आकड्यांचे काम करता म्हणून विचारतो. शंभर टक्के निकाल लागला म्हणता, मग आमचा पोरगा कोणत्या टक्क्यात गेला?" त्यांचा मुलगा त्याच शाळेत नववीपर्यंत शिकला होता. नववीत तो कच्चा निघाला म्हणून त्याच्या हाती दाखला देऊन 'सतरा नंबरचा फॉर्म भरा' असे सांगण्यात आले. तो परीक्षेला बसला, दोन विषयांत राहिला आणि पुढे बोटीवर खलाशी म्हणून जाऊ लागला. शाळेच्या निकालात तो कोठेच नव्हता. या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी नीट देता आले नाही. प्रस्तुत लेख हे ते उत्तर आहे.

शाळेचा निकाल म्हणजे नेमके काय?

आपला पालघर जिल्हा दि. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला, तरी दहावी-बारावीच्या परीक्षांसाठी तो राज्य मंडळाच्या मुंबई विभागातच मोडतो. मंडळ प्रत्येक शाळेचा जो निकाल देते त्याचे गणित अगदी साधे आहे. शाळेतून परीक्षेस बसलेल्या नियमित विद्यार्थ्यांपैकी किती उत्तीर्ण झाले, त्याची टक्केवारी. उत्तीर्ण होण्यास ३५ गुण लागतात. ४५ टक्क्यांना द्वितीय श्रेणी, ६० ला प्रथम श्रेणी आणि ७५ च्या पुढे विशेष प्रावीण्य. शाळेच्या टक्केवारीत मात्र ३५ वर काठावर सुटलेला मुलगा आणि ९५ मिळविणारी मुलगी यांचे वजन सारखेच असते.

या गणितातील कळीचा शब्द 'बसलेल्या' हा आहे. जो बसलाच नाही, तो भागाकारात धरला जात नाही. सतरा नंबरचा फॉर्म भरणारा विद्यार्थी खासगी समजला जातो, तेव्हा तोही शाळेच्या नियमित निकालाबाहेर राहतो. वास्तविक हा फॉर्म फार उपकारक आहे. शाळा सुटून कामाला लागलेल्या कितीतरी मुलामुलींना त्यामुळे दहावी करता आली. पण शाळेत शिकू इच्छिणाऱ्या मुलाला निकाल सांभाळण्यासाठी त्या वाटेला लावणे ही निराळी गोष्ट झाली.

एक उदाहरण घेऊ. समजा, दोन शाळांत नववीच्या वर्गात जून महिन्यात प्रत्येकी १०० मुले आहेत. पहिल्या शाळेत १२ मुले नववीतच नापास होऊन दाखला घेऊन गेली, १० जणांनी सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि ८ मुले हळूहळू यायचीच बंद झाली. उरलेली ७० मुले दहावीला बसली व ६८ उत्तीर्ण झाली. फलकावर निकाल लागला ९७.१४ टक्के. दुसऱ्या शाळेने कच्च्या मुलांनाही धरून ठेवले. तिची ९६ मुले बसली आणि ८४ उत्तीर्ण झाली. फलकावर निकाल ८७.५० टक्के. गावात पहिल्या शाळेचे नाव होणार. पण १०० पैकी किती मुले दहावीच्या काठाला लागली, हे मोजले तर पहिल्या शाळेची ६८ आणि दुसरीची ८४! आता चांगली शाळा कोणती, हे वाचकांनीच ठरवावे.

आम्ही बँकेत दिवसाचा हिशेब मिळविताना आधी सुरुवातीची शिल्लक लिहितो. ती न लिहिता नुसती अखेरची रक्कम दाखविली, तर कोणताही तपासनीस ते पान मान्य करणार नाही. शाळेच्या निकालात नववीचा जून महिन्याचा पट ही सुरुवातीची शिल्लक होय. आपल्या गावाच्या भाषेत सांगायचे तर टोपलीतील लहान पापलेट आधीच बाजूला काढायचे आणि मग सगळाच माल मोठा आहे म्हणून मिरवायचे, असा हा प्रकार आहे.

नववी हीच चाळणी का?

शिक्षण हक्क कायदा दि. १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार आठवीपर्यंत मुलास एकाच वर्गात मागे ठेवता येत नव्हते. २०१९ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि महाराष्ट्रात २०२३ साली नियम बदलून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आली. मधल्या काळात नववी हीच पहिली खरी चाळणी होती. मागील वर्गांत जे कच्चे राहिले ते सारे नववीत एकदम उघडे पडत असे, आणि पुढच्याच वर्षी मंडळाची परीक्षा. निकालाची टक्केवारी हेच जर शाळेचे मोठेपण ठरले, तर कच्चा मुलगा हा शाळेला शिकविण्याचा विषय न वाटता अडचण वाटू लागतो. शिक्षक वाईट असतात असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. मोजण्याची रीत माणसाला कोणीकडे ढकलते, एवढेच दाखवायचे आहे.

फूटपट्टी बदलली की उंची बदलते

राज्याच्या निकालाचे काही आकडे पाहण्यासारखे आहेत. दहावीचा राज्याचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के होता. २०१९ साली तो एकदम ७७.१० वर आला. त्या वर्षी भाषा व सामाजिक शास्त्र या विषयांचे शाळेकडून मिळणारे अंतर्गत गुण काढून टाकले होते. पुढील वर्षी ते पुन्हा सुरू झाले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. २०२१ साली कोरोनामुळे लेखी परीक्षाच झाली नाही. अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला, ९९.९५ टक्के! शाळा त्याच, शिक्षक तेच, मुलेही त्याच वस्त्यांतील. बदलली ती फूटपट्टी. तेव्हा एखाद्या शाळेचा निकाल एका वर्षात दहा टक्क्यांनी वाढला म्हणून हुरळून जाऊ नये आणि घटला म्हणून तिला नावे ठेवू नयेत. निदान चार-पाच वर्षांचे आकडे आणि त्याच वर्षांचा विभागाचा निकाल शेजारी ठेवून पाहावे.

हा वाद नवा नाही

इंग्लंडमध्ये १८६२ पासून मुलांच्या परीक्षेतील निकालावर शाळांना सरकारी पैसा देण्याची पद्धत सुरू झाली. आपल्या मुंबई इलाख्यातही निकाल पाहून अनुदान देण्याची रीत आली. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन दिले, त्यात या पद्धतीविषयी स्पष्ट मत नोंदविले आहे. ज्या गरीब व अशिक्षित वर्गात शिक्षणाची गोडी अजून निर्माण व्हायची आहे, त्यांच्या शाळांना निकालावर आधारलेली अनुदान पद्धत मानवणारी नाही, असा त्यांचा आशय होता. ज्याला सर्वांत जास्त शिकविण्याची गरज आहे तोच या पद्धतीत तोट्याचा ठरतो, हे त्या द्रष्ट्या पुरुषाने तेव्हाच ओळखले होते.

इतरत्र काय करतात?

अमेरिकेत हायस्कूल मोजताना परीक्षेच्या गुणांबरोबर आणखी एक आकडा पाहतात. नववीत दाखल झालेल्या मुलांपैकी चार वर्षांत पदविका घेऊन किती बाहेर पडली, हा तो आकडा. २००८ च्या केंद्रीय नियमाने सर्व राज्यांना ही एकच रीत लावून दिली. दुसऱ्या शाळेत गेलेल्या मुलाचा लेखी पुरावा असेल तरच त्याचे नाव वजा होते. शाळा सोडून घरी बसलेला मुलगा भागाकारात कायम राहतो. २०१५ च्या कायद्याप्रमाणे ज्या हायस्कूलमधील एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त मुले अशी गळतात, ते राज्याने हुडकून त्याला मदत करावयाची असते.

तथापि तेथेही सारे आलबेल नाही. वॉशिंग्टन शहरात २०१७ साली पदविका मिळालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांना नियम डावलून ती देण्यात आली होती, असे चौकशीत आढळले. आकड्यावर अब्रू टांगली की आकडा सजविण्याचा मोह सर्वत्र होतो. म्हणूनच एका आकड्यावर कधी विसंबू नये.

आपल्याकडेही केवळ निकालापलीकडे पाहण्याचे प्रयत्न झाले आहेत. २०१५ साली 'शाळासिद्धी' हा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यात ७ क्षेत्रांतील ४६ मानकांवर शाळा स्वतःचे मूल्यमापन करते व नंतर बाहेरून तपासणी होते. मुलांची प्रगती हे त्यातील एक क्षेत्र. अध्यापन, नेतृत्व, सुरक्षितता, समाजाचा सहभाग ही इतर. शिवाय प्रत्येक शाळेला यू-डायसचा अकरा अंकी क्रमांक असतो आणि २०२२-२३ पासून त्यात मुलानिहाय नोंद होऊ लागली आहे. म्हणजे नववीतील मूल दहावीत पोहोचले की नाही, हे शोधणे आता अशक्य राहिलेले नाही. विचारणारे कोणी हवे.

आपण काय विचारावे?

मुलाचा प्रवेश घेताना मुख्याध्यापकांना नम्रपणे पुढील गोष्टी विचाराव्यात :

१) दोन वर्षांपूर्वी नववीच्या पटावर किती मुले होती आणि त्यांतील किती यंदा दहावीला बसली?
२) सतरा नंबरचा फॉर्म किती जणांनी भरला व का?
३) उत्तीर्णांपैकी प्रथम श्रेणी व विशेष प्रावीण्य किती जणांना मिळाले?
४) नापास झालेल्यांपैकी पुरवणी परीक्षेत किती सुटले? त्यांच्यासाठी शाळेने वर्ग घेतले का?
५) कच्च्या मुलांसाठी नववीत जादा तास असतात का?

अनुदानित शाळेकडून ही माहिती माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यानेही मागता येते. पण बहुधा समक्ष विचारले तरी पुरते. या प्रश्नांनी चांगली शाळा रागावत नाही, उलट तिला बरे वाटते. आणि एक गोष्ट प्रत्येक पालकाने ध्यानात ठेवावी. नववीत मूल कच्चे आहे म्हणून कोणी शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला सांगितले, तर त्याच दिवशी सही करू नये. घरी यावे, चार शिकलेल्या माणसांना विचारावे, मुलाला सोबत घेऊन पुन्हा शाळेत जावे.

आपल्या सत्कार समारंभांबाबतही एक सूचना करावीशी वाटते. नव्वद टक्के मिळविणाऱ्यांचा गौरव जरूर व्हावा. पण पुरवणी परीक्षेत सुटलेला, सतरा नंबरवर पास झालेला, दोन वर्षे बोटीवर वा कंपनीत काम करून पुन्हा पुस्तक हाती घेतलेला मुलगाही त्याच व्यासपीठावर यावा. वस्तीतील नववीच्या मुलांची एक यादी आपणच जून महिन्यात करून ठेवावी आणि दोन वर्षांनी ती उघडून एकेक नाव वाचावे. त्यासाठी एक वही आणि महिन्याचा एक रविवार एवढेच लागते.

त्या पालकांना आज सांगावेसे वाटते : आपला मुलगा कोणत्याच टक्क्यात गेला नाही, कारण त्याला मोजलेच गेले नाही. पुढच्या यादीत त्याच्या धाकट्या बहिणीचे नाव आम्ही लिहिले आहे. ती यंदा नववीत आहे.