ट्रॅक्टर वाहणारी जोडगाडी

अमेरिकेत ट्रॅक्टर बऱ्याचदा दुसऱ्या गाडीवर बसून प्रवास करतो. लहान ट्रॅक्टरचा वेग ताशी २०-२५ किलोमीटरच्या आसपास थांबतो, मोठ्या महामार्गांवर इतक्या संथ वाहनाला सहसा मज्जाव असतो, आणि विक्रेता किंवा दुरुस्तीची जागा तीस-चाळीस किलोमीटर दूर असण्यात तिथे नवल नाही. महाराष्ट्रात ट्रॅक्टर ट्रॉली ओढतो. टेक्सास-टेनेसीत ट्रॅक्टरच ट्रेलरवर चढतो आणि त्याला पिकअप ओढते. ट्रॅक्टर, लोडर, गवत कापायचे यंत्र आणि ट्रेलर असा सगळा संच एकाच किमतीत विकण्याची पद्धत तिथल्या ग्रामीण भागात रुळलेली आहे. १९९४ पासून त्या बाजारात असलेल्या महिंद्राचे ट्रॅक्टरही अशा संचांतून विकले जातात.

या जोडगाडीची निवड बहुतेकदा उलट्या टोकाकडून होते. पिकअप आधीच दारात उभी असते, मग तिला झेपेल असे वाटणारा ट्रेलर येतो, आणि ट्रॅक्टरचे वजन शेवटी विचारले जाते. सुरुवात मात्र ट्रॅक्टरच्या वजनापासूनच व्हायला हवी, आणि तेही माहितीपत्रकातल्या वजनापासून नाही. तिथे छापलेला आकडा नुसत्या ट्रॅक्टरचा असतो. समजा, चाळीस अश्वशक्तीचा एक ट्रॅक्टर कागदावर १,६०० किलोचा आहे. त्याला पुढे लोडर आणि बकेट लावली की ४५० किलो वाढतात. मागे झुडपे कापायचे यंत्र असले तर आणखी २७०. पकड मिळावी म्हणून मागच्या टायरांत पाणी भरण्याची पद्धत आपल्याकडे आहे तशी तिथेही आहे. थंड प्रदेशात ते पाणी गोठते, म्हणून कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण भरतात. त्याने रिम गंजते, तेव्हा अलीकडे बीटच्या रसापासून केलेला जड द्रवही वापरला जातो. दोन टायरांत मिळून ३०० किलो सहज मावतात. असा १,६०० किलोचा ट्रॅक्टर प्रत्यक्षात २,६२० किलोचा होतो.

आता ट्रेलर. अमेरिकी ट्रेलर पौंडांत ओळखले जातात : सात हजारी, दहा हजारी, चौदा हजारी. हा आकडा ट्रेलरचे स्वतःचे वजन धरून असतो, आणि नवखे गिऱ्हाईक नेमके इथे फसते. ३,५०० पौंडांच्या दोन अ‍ॅक्सलांचा सात हजारी ट्रेलर म्हणजे एकूण ३,१७५ किलो. त्यातले हजारभर किलो लोखंड आणि फळ्यांचे. उरले सव्वादोन टनांच्या आतबाहेर. वरचा ट्रॅक्टर त्यात बसत नाही, त्याला दहा हजारी ट्रेलरच लागतो. बाजारात ९,९९० पौंडांचेही ट्रेलर दिसतात. ते १० पौंड अभियंत्याने कमी केलेले नसून कायद्याने कमी केलेले आहेत. ट्रेलरची मर्यादा १०,००० पौंडांच्या पुढे आणि गाडी-ट्रेलर मिळून २६,००१ पौंड किंवा जास्त, म्हणजे सुमारे ११.८ टन झाली, की व्यावसायिक चालकाचा परवाना लागतो. स्वतःच्या शेतापासून १५० मैलांच्या आत स्वतःचाच माल नेणाऱ्या शेतकऱ्याला राज्ये यातून सूट देऊ शकतात, भाडे घेऊन नेणाऱ्याला ती मिळत नाही.

ट्रेलरचा साटा चाकांच्या मधे आहे की चाकांच्या वर, हाही प्रश्न असतो. मधला साटा जमिनीजवळ राहतो, भार खाली बसतो आणि गाडी वळणावर कमी कलते. पण मडगार्डांमधली जागा सव्वादोन मीटरही नसते. मागची चाके रुंद करून बसवलेला ट्रॅक्टर त्यात मावत नाही. चाकांवरच्या साट्याला कायद्याने दिलेली १०२ इंचांची पूर्ण रुंदी मिळते, मात्र ट्रॅक्टर फूटभर तरी उंच चढतो आणि फळ्यांचा उतार तितकाच खडा होतो. पाठीमागे झुडपे कापायचे यंत्र लोंबणारा ट्रॅक्टर खड्या उतारावर चढवताना ते यंत्र जमिनीला घासते. झुकता साटा असलेले ट्रेलर हा त्रास वाचवतात. किंमत जास्त असली तरी वारंवार चढ-उतार करणाऱ्याला ते परवडतात.

ट्रॅक्टर साट्यावर नेमका कुठे उभा करायचा, हे ज्याने बैलगाडी भरली आहे त्याला समजावून सांगावे लागणार नाही. माल मागे सरकला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. माल फार पुढे आला की सगळे ओझे बैलांच्या मानेवर. ट्रेलरच्या दांडीचेही तेच आहे. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग दांडीतून पिकअपवर उतरला पाहिजे. त्याहून कमी उतरला तर ट्रेलर उलाळ होतो, फक्त बैलगाडीसारखा जागच्या जागी नाही. ताशी ८०-९० किलोमीटरला तो शेपटीसारखा डोलू लागतो, प्रत्येक हेलकावा आधीच्याहून मोठा होतो, आणि शेवटी ट्रेलरच पिकअपला फिरवून टाकतो. अशा वेळी पिकअपचा ब्रेक दाबणे आणि वेग वाढवणे, दोन्ही चूक; हाताने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावून जोडीला ताणून सरळ करायचे असते. ट्रॅक्टर दोन-चार वेळा पुढेमागे करून दांडीवरचा भार मोजायचा आणि जागा सापडली की साट्यावर रंगाची खूण करून ठेवायची, ही अनुभवी लोकांची रीत आहे.

आता कुठे पिकअपचा प्रश्न येतो. अमेरिकी पिकअप अजूनही अर्धा टन, पाऊण टन, एक टन अशा नावांनी ओळखल्या जातात : फोर्डच्या एफ-१५०, एफ-२५०, एफ-३५०, शेव्हरोले आणि रॅम यांच्या १५००, २५००, ३५००. ही नावे जुन्या काळच्या भारक्षमतेची आहेत. आजची अर्ध्या टनाची पिकअप पाऊण टनही सहज उचलते. जाहिरातीत मात्र भारक्षमता ठळक नसते, ओढक्षमता असते : पाच टन, सहा टन. या आकड्यांना एकेकाळी काही धरबंध नव्हता, प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजत असे. पुढे एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने जे-२८०७ हे प्रमाण ठरवले. २०११ च्या गाड्यांसाठी टोयोटाने ते आधी स्वीकारले, बाकीच्यांना काही वर्षे लागली. त्यातली एक कसोटी अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळच्या चढणीवर बेतलेली आहे. ११.४ मैलांत रस्ता सुमारे ९०० मीटर चढतो, म्हणजे खोपोली ते लोणावळा चढणीच्या दीडपटीहून अधिक. हवा किमान १०० अंश फॅरनहाइट, वातानुकूलन पूर्ण चालू, मागे पूर्ण भार, आणि मागे एकेरी चाके असलेल्या पिकअपचा वेग ताशी ४० मैलांखाली येता कामा नये.

कसोटी कडक आहे, आकडाही खरा आहे, तरी ट्रॅक्टर नेणाऱ्याला तो फारसा उपयोगी नाही. त्याच्या कामाचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत असतो : माणसे आणि सामान मिळून इतक्या वजनाच्या वर जाऊ नये. समजा, तिथे ७५० किलो लिहिले आहे. आपला २,६२० किलोचा ट्रॅक्टर १,१५० किलोच्या दहा हजारी ट्रेलरवर चढला की झाले ३,७७० किलो. पाच टन ओढणाऱ्या गाडीला हे काहीच नाही. पण त्याचे १२ टक्के, म्हणजे ४५२ किलो, दांडीवाटे पिकअपवर आले. उरले २९८. चालक आणि दोन माणसे २३० किलोंची, ट्रेलर अडकवायचा हिच ४० किलोंचा, साखळ्या आणि अवजारे ५० किलोंची : बेरीज ३२०. मर्यादा २२ किलोंनी ओलांडली, आणि इंजिनाला त्याचा पत्ताही नाही. मागची स्प्रिंग बसते, पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग सैल वाटू लागते. भार विभागणारा हिच काही वजन पुढच्या चाकांकडे परत ढकलतो, पट्टीवरचा आकडा मात्र त्याने वाढत नाही. याच कारणाने असा ट्रॅक्टर नियमित नेणारे पाऊण टनाच्या गाडीकडे वळतात. शंका असेल तर ट्रक थांब्यांवरचे वजनकाटे आहेत. ते पुढचे अ‍ॅक्सल, मागचे अ‍ॅक्सल आणि ट्रेलर यांचे वजन वेगवेगळे छापून देतात.

केबिन असलेला, साडेतीन-चार टनांचा ट्रॅक्टर असेल तर जोडणीच बदलते. त्यासाठी गूसनेक, म्हणजे हंसमानी ट्रेलर. त्याची मान पिकअपच्या हौद्यात शिरते आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या वरच जोडणीच्या गोळ्यावर, म्हणजे बॉलवर, बसते, म्हणून २० टक्के किंवा जास्त भारही गाडीची शेपटी खाली न ओढता चाकांवर सरळ उतरतो. डोलण्याची भीतीही खूप कमी. मोबदल्यात हौदा अडतो. साध्या जोडणीत बॉलचे माप दर वेळी पाहावे लागते : २ इंची बॉलवर ट्रेलरच्या दांडीचा २ ५/१६ इंचांचा कपलर वरवर नीट बसलेला दिसतो आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात उडतो.

थांबवण्याचे काम ट्रेलरच्या स्वतःच्या ब्रेकांनी करायचे असते. ते विजेवर चालतात आणि त्यांचा नियंत्रक चालकाजवळ असतो. ट्रेलर सुटलाच तर पिकअपला अडकवलेली तार ताणली जाऊन खिट्टी निघते आणि ट्रेलरवरच्या बॅटरीने ब्रेक लागतात. ती बॅटरी वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. ट्रेलरच्या टायरांचेही तसेच. झीज दिसत नाही, पण ते उन्हात पडून वयाने फुटतात.

बांधणीसाठी ७० दर्जाच्या पिवळसर साखळ्या वापरतात. ३/८ इंची साखळीची कामाची मर्यादा ६,६०० पौंड असते. व्यावसायिक वाहतुकीत सगळ्या बांधण्यांची एकत्रित मर्यादा मालाच्या वजनाच्या निम्मी तरी लागते, आणि १०,००० पौंडांच्या वरच्या यंत्राला किमान चार बांधण्या. साखळी ट्रॅक्टरच्या सांगाड्याला किंवा अ‍ॅक्सलला अडकवायची; स्टिअरिंगच्या दांड्यांना किंवा लोडरच्या हातांना नाही. लोडर आणि मागचे यंत्र साट्यावर टेकवून वेगळे बांधायचे, गिअर टाकायचा, हँडब्रेक ओढायचा. टायर दबतात, फळ्या बसतात आणि साखळी सैल पडते, म्हणून व्यावसायिक चालकाने पहिल्या ५० मैलांच्या आत थांबून बांधणी तपासावी आणि पुढे दर १५० मैलांनी किंवा तीन तासांनी, जे आधी येईल तेव्हा, पुन्हा पाहावी असा तिथला नियम आहे.