रात्रीच्या खिडक्या मोजणारे हेर

अमेरिका आपल्यावर अचानक अण्वस्त्रहल्ला करील, या धास्तीने १९८१मध्ये सोव्हिएत गुप्तचर संस्था केजीबीचे प्रमुख युरी आंद्रोपोव्ह यांनी ‘रायान’ ही मोहीम सुरू केली. हल्ल्याच्या तयारीच्या खाणाखुणा टिपायचं काम परदेशांतल्या हेरांवर आलं.

क्षेपणास्त्रं मोजता येतात, इरादा मोजता येत नाही. मग त्याच्याऐवजी दुसरं काहीतरी मोजायचं. लंडनच्या हेरांकडे प्रश्न आले: सरकारी कचेऱ्यांच्या किती खिडक्यांत रात्री उशिरा दिवे असतात? संरक्षण मंत्रालयाबाहेर गाड्या किती? रक्तदात्यांना मिळणारा भाव वाढलाय का? हा शेवटचा प्रश्न मला फार बोलका वाटतो. ब्रिटनमध्ये रक्तदात्याला पैसे मिळतच नव्हते! पलीकडचा देश कसा चालतो हे मॉस्कोने मनानेच ठरवून टाकलं होतं.

उशिरा दिसलेला दिवा झाडलोट करणाऱ्यांचाही असू शकतो. लंडनमधले केजीबी अधिकारी ओलेग गोर्दियेव्स्की गुपचूप ब्रिटनसाठी काम करत होते. त्यांनी पुढे सांगितलं, की सहकाऱ्यांचा स्वतःचा या हल्ल्यावर विश्वास नव्हता; पण वरून मागणी होती, म्हणून काळजी वाढवणाऱ्या बातम्या धाडल्या जात. मॉस्कोतून निघालेली भीती लंडनला वळसा घालून मॉस्कोतच परतत होती, आणि परतताना पुरावा बनून येत होती.

नोव्हेंबर १९८३मध्ये नाटोचा ‘एबल आर्चर’ सराव झाला. अण्वस्त्रं वापरण्याची परवानगी कशी मागायची, कशी द्यायची, याची ती रंगीत तालीम. तेवढ्यात पूर्व जर्मनी आणि पोलंडमधली काही सोव्हिएत विमानं सज्ज ठेवली गेली.

आता दोस्तांकडे बघा. गोर्दियेव्स्कींमुळे ब्रिटनने ही भीती खरी मानली. अमेरिकी विश्लेषकांनी मात्र मे १९८४मध्ये लिहिलं, की सोव्हिएत नेत्यांना युद्धाचा खरा धोका वाटत नाही. आपण हल्ला करणार नाही हे आपल्याला ठाऊक, म्हणजे ते समोरच्यालाही ठाऊक असणारच, ही समजूत मला त्यामागे दिसते. १९९०मध्ये अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्याच सल्लागार मंडळाने त्या निष्कर्षावर कडक टीका केली.

आपल्याकडेही १९८६-८७मध्ये राजस्थानातल्या ‘ब्रासटॅक्स’ सरावामुळे पाकिस्तान बिथरला आणि दोन्ही फौजा सीमेवर समोरासमोर आल्या. १९९१च्या करारात ठरलं, की मोठा लष्करी सराव कोणता, साधारण कुठे आणि किती दिवस, हे एकमेकांना आधीच कळवायचं.