तीन तारांच्या आत

महाराष्ट्रातल्या जुन्या तुरुंगांवर लिहायचं म्हटलं की लेखण्या येरवड्याकडे वळतात. गांधीजींचं उपोषण, १९३२ चा पुणे करार, आंब्याचं झाड. मग धुळ्याचा तुरुंग आणि विनोबांची गीता प्रवचनं, नाशिकचा तुरुंग आणि साने गुरुजींची 'श्यामची आई'. आम्हा सोलापूरकरांच्या काळजात येरवडा आणखी एका कारणाने रुतलेला आहे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या आमच्या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी तिथेच फाशी दिलं. हे सगळं दिवाळी अंकांच्या वाचकाला पाठ आहे, म्हणून पुन्हा उगाळत नाही.

मला सांगायचं आहे ते आमच्या जिल्ह्यातल्याच एका तुरुंगाविषयी. चाळीस वर्षं मी याविषयी बोलतो आहे. सोलापूरची सेटलमेंट. ना उंच भिंत, ना बुरूज. तारेचं कुंपण आणि आत माणसं. जुनी माणसं त्याला 'तीन तारा' म्हणत. आत येण्यासाठी गुन्हा करावा लागत नसे, जन्माला येणं पुरत असे.

येरवड्याचा तुरुंग १८७१ सालचा. गुन्हेगार जमाती कायदाही त्याच साली झाला. पहिल्याने एकेका माणसाला गुन्हा शाबीत झाल्यावर कोंडण्याची सोय केली. दुसऱ्याने अख्ख्या जमाती आधीच गुन्हेगार ठरवल्या. हा कायदा सुरुवातीला उत्तरेकडे होता. १९११ मध्ये तो नव्याने झाला आणि मुंबई इलाख्यालाही लागू झाला. नोंदवहीत नाव, बोटांचे ठसे, हजेरी, आणि सरकारने ठरवलेल्या वस्तीतच राहण्याची सक्ती. मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या शाळेत ठेवण्याचा अधिकारसुद्धा त्यात होता. इलाख्यात या वसाहतींची घडी स्टार्ट या आयसीएस अधिकाऱ्याने बसवली. सोलापुरात कापडगिरण्या होत्या, गिरण्यांना हात हवे होते. कैकाडी, पारधी, टकारी, भामटे, मांग-गारुडी, कंजारभाट अशा जमातींची कुटुंबं तारेच्या आत आली आणि भोंगा झाला की गिरणीच्या पाळीला जाऊ लागली.

आमच्या गावी, मोडनिंबला, लहानपणी आम्ही या कायद्याची दुसरी बाजू पाहिली. कुर्डुवाडीहून पंढरपूरकडे बार्शी लाइटची छोटी गाडी जायची. तिच्या रुळांपलीकडच्या माळावर कधीमधी पालं पडत. पालं पडली की दिवस मावळायच्या आत चावडीवरून बोलावणं जाई. बापई पुढे, मागे बायका, कडेवर पोरं. कुठून आलात, किती जण, कधी जाणार. माझ्याच वयाचा एक पोरगा चावडीच्या पायरीवर बसून स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होता. बापाचा अंगठा शाईने काळा झालेला होता, त्याचा नव्हता. तरी तो आपला अंगठा सदऱ्याला पुसत होता. आज पंचाऐंशीव्या वर्षीही मला तो पायरीसकट दिसतो.

पुढे सोलापुरात नोकरीला असताना सेटलमेंटमधल्या एका म्हाताऱ्या साचेवाल्याशी ओळख झाली. तो मला दादा म्हणे, मी त्याला मामा. मामा तारेच्या आत जन्मला, आतच लग्न झालं. बाहेर बाजाराला जायचं तर पास, पाहुणा आला तर वर्दी, रात्री हजेरी. नाव पुकारलं की 'हाजीर' म्हणायचं. तापाने फणफणलेल्यानेही अंथरुणातून ओ द्यायची. गिरणीतल्या इतर कामगारांसारखाच साचा तो चालवी, पण पाळी सुटली की बाकीचे चहाला थांबत आणि मामा हजेरी गाठायला पळत सुटे. त्याने मला विचारलं होतं, "दादा, सजा झालेल्याला सुटायची तारीख असती. आमची तारीख कुठं लिवली होती?"

आमच्यातले काही अभ्यासक म्हणतात, सेटलमेंट हा तुरुंग नव्हता, ती सुधारणा होती. शाळा दिली, मजुरी दिली, भटकणं थांबवलं. शाळा होती, मजुरीही होती. तिथे शिकून पुढे गेलेली माणसं मी ओळखतो आणि त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण ज्या शाळेच्या भोवती तार आहे आणि ज्या मजुरीनंतर हजेरी आहे, तिला सुधारणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. या मंडळींशी परिसंवादात माझी खडाजंगी झाली आहे. अजूनही माझं म्हणणं तेच आहे.

आणि त्याच काळात, याच दुष्काळी मुलखात, उलटा प्रयोग चालू होता. औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन हा पोलिश इंजिनियर यांनी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. खुनासाठी जन्मठेप झालेले कैदी तिथे बेड्यांशिवाय, बायकामुलांसह राहून शेती करू लागले. 'दो आँखें बारह हाथ' हा शांतारामबापूंचा १९५७ चा चित्रपट यावरूनच निघाला. कथा आटपाडी भागातल्याच गदिमांची. मोडनिंबहून ते गाव काही फार लांब नाही. म्हणजे खून शाबीत झालेला माणूस विश्वासावर मोकळा, आणि काहीच न केलेला मामा तारेत. स्वतंत्रपुराचं कौतुक मीही करतो, पण सिनेमा निघाला तो तिकडच्यांवर. इकडच्यांना आपलं आपणच लिहावं लागलं, तेही 'उपरा' आणि 'उचल्या' ही आत्मकथनं येईपर्यंत थांबून.

मुंबई प्रांताने १९४९ मध्ये आणि देशाने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा उठवला. पंडित नेहरूंनी सोलापुरात येऊन तार तोडल्याची आठवण इथे घरोघर सांगतात. या कायद्यावर नेमलेल्या समित्यांचे अहवाल कपाटात आहेत, हवे त्याने वाचावेत. १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि जुनाच संशय नव्या नावाने वस्तीत शिरला. थेट ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतली जातीवर कामं वाटणारी कलमं घटनाबाह्य ठरवली, आणि विमुक्त जमातींकडे बोट दाखवणारे उल्लेखही काढायला लावले. त्या दिवशी मामा हवा होता.

आता गिरण्या बंद आहेत, भोंगे नाहीत. पत्त्यात 'सेटलमेंट फ्री कॉलनी' एवढं उरलं आहे. रिक्षावाल्याला विचारलं, हे 'फ्री' कसलं? तो म्हणाला, नावच आहे तसं. तारेबाहेर राहायची मुभा मिळालेल्यांची ती वस्ती, हे सांगणारी पाटी मला तिथे दिसली नाही. नव्या अभ्यासकांना मी दरवर्षी म्हणतो, येरवड्यावर आणखी एक पुस्तक नंतर करा, आधी या वस्तीतल्या म्हाताऱ्यांना भेटा. ऐंशीच्या पुढची फार थोडी उरली आहेत.

मामाकडे एक पास होता, घडीवर फाटलेला. तो मरणापूर्वी मला देणार होता. घरच्यांनी पेटी आवरली तेव्हा तो रद्दीत गेला. कुणाच्या ट्रंकेत, देवघरात, जुन्या रेशनकार्डाच्या घडीत असा एखादा पास अजून असेल तर टाकू नका. मोडनिंबला निरोप पाठवा. गुडघे दुखतात, पण मी येतो.