पाण्याखाली लाल रंग जातो कुठे?

मालवण-तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा डायव्हिंग करताना काढलेले फोटो बहुधा हिरवट-निळे येतात. अंगातला लालभडक शर्टही त्यात काळपट दिसतो. दोष कॅमेऱ्याचा नसतो. पाणी रंगांची गाळणी असते. सूर्यप्रकाशातला लाल रंग ते आधी शोषते. 5 मीटर खोलीपर्यंत त्यातला बराचसा संपलेला असतो. मग नारिंगी, पिवळा.

म्हणून छोट्या डिजिटल कॅमेऱ्यात पहिल्यांदा बदलायची ती ‘व्हाइट बॅलन्स’ची सेटिंग. ‘अंडरवॉटर’ मोड उरलासुरला लाल रंग उचलून धरतो. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे पांढरी पाटी समोर धरून ‘हा पांढरा’ असे कॅमेऱ्याला शिकवणे. खोली बदलली की हे पुन्हा करावे लागते, कारण डोक्यावरच्या पाण्याचा थरही बदललेला असतो.

फ्लॅशचा मोह मात्र गढूळ पाण्यात आवरलेलाच बरा. भिंगाशेजारून निघालेला उजेड पाण्यातल्या कणांवर आदळून थेट परत येतो आणि फोटोभर पीठ उधळल्यासारखे ठिपके उमटतात. धुक्यात गाडीचा अप्पर लावल्यावर समोर पांढरी भिंत उभी राहते, तसेच हे. झूमही नको, त्याने मधले पाणी कमी होत नाही. प्रवाळाला धक्का न लावता, मॅक्रो मोडवर, मध्ये जेमतेम हातभर पाणी राहील इतके जवळ जावे.