आधी ब्रेक शिका, वेग नंतर

‘‘दिवसभर पडद्यासमोर बसून गाड्या पळवतोस, त्याने काय ड्रायव्हर होणार आहेस का?’’ हे वाक्य आज अनेक घरांत ऐकू येते. बोलणाऱ्या आईवडिलांचे काही चुकते असे नाही. मुलगा खेळात गाडी भिंतीवर आपटतो, एक बटण दाबतो आणि गाडी पुन्हा नवी कोरी होऊन उभी राहते. यात शिकण्यासारखे काय आहे, असे कुणालाही वाटेल.

पण या प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर देणारा एक मुलगा वेल्समधल्या कार्डिफ शहरात निघाला. त्याचे नाव यान मार्डनबरो. जन्म १९९१ चा. वडील व्यावसायिक फुटबॉलपटू होते, पण मोटार शर्यतीला लागणारा पैसा ही वेगळीच गोष्ट असते. लहानपणी तो थोडी वर्षे कार्ट, म्हणजे शर्यतीची बुटकी उघडी गाडी, चालवत असे. खर्च झेपेना म्हणून ते सुटले. हाती राहिला तो ‘ग्रॅन टुरिझ्मो’ हा व्हिडिओ गेम. निसान आणि प्लेस्टेशन यांनी २००८ पासून या खेळाच्या स्पर्धेतून खरे शर्यतपटू निवडायला सुरुवात केली होती. २०११ च्या स्पर्धेत सुमारे ९० हजार जण उतरले आणि १९ वर्षांचा यान जिंकला. दोन वर्षांनी, २०१३ मध्ये, फ्रान्समधल्या ल मान्स येथील २४ तासांच्या शर्यतीत त्याच्या संघाने आपल्या गटात तिसरा क्रमांक मिळवला.

ही गोष्ट वाचून कुणी घरातल्या मुलाला शाळा सोडून खेळायला बसवू नये. ९० हजारांत एक, हा हिशेब आधी ध्यानात घ्यावा. आपल्याला यातून घ्यायचे आहे ते वेगळेच. हा खेळ नीट खेळणारा मुलगा किंवा मुलगी नेमके काय शिकते? आणि काय शिकत नाही?

खेळातले लायसन्स

गाड्यांचे खेळ दोन तऱ्हेचे असतात. एका तऱ्हेत गाडी कशीही वळते, कशीही उडते. ती निव्वळ करमणूक. दुसऱ्या तऱ्हेत गाडीचे वजन, टायरची पकड, रस्त्याचा उतार यांचे गणित संगणक क्षणोक्षणी करत असतो. त्याला सिम्युलेटर म्हणतात. ‘ग्रॅन टुरिझ्मो’चा पहिला भाग जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये आला. त्यात मोठ्या शर्यतींत उतरण्याआधी लायसन्सची परीक्षा द्यावी लागे. सुरुवातीची परीक्षा कसली? गाडी सरळ पळवायची आणि ठरलेल्या पट्ट्यात थांबवायची. म्हणजे शर्यतीच्या खेळानेही पहिला धडा ठेवला तो थांबण्याचा!

नवशिक्याने येथूनच आरंभ करावा. बहुतेक मुले सर्वांत वेगवान गाडी निवडतात आणि पहिल्याच वळणावर बाहेर जातात. त्यापेक्षा कमी ताकदीची एक साधी गाडी घ्यावी, एकच धावपट्टी घ्यावी आणि महिनाभर दोन्ही बदलू नयेत. हलक्या, कमी ताकदीच्या गाडीत आपली चूक आपल्याला दिसते. ताकदवान गाडीत चूक कळायच्या आत गाडी भिंतीला लागलेली असते.

त्यासाठी महागडे स्टिअरिंग आणावे लागते असेही नाही. चांगल्या स्टिअरिंग-पेडलच्या संचाची किंमत कामगाराच्या महिन्याच्या पगाराला भिडते. हाताच्या साध्या कंट्रोलरवरही हे सारे धडे गिरवता येतात.

वळणाच्या आधी

ब्रेकचे पहिले सूत्र असे: वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून थांबायला लागणारे अंतर चौपट होते. ताशी ५० किलोमीटरवर जी गाडी १५ मीटरमध्ये थांबते, तिला ताशी १०० वर ६० मीटर लागतात. नवशिका मुलगा हे विसरतो आणि वळण डोळ्यांसमोर आल्यावर ब्रेक दाबतो. तोवर उशीर झालेला असतो.

म्हणून रस्त्याकडेची एखादी खूण धरावी: अंतराची पाटी, झाड, कठड्याचे टोक. त्या खुणेशी, गाडी सरळ असतानाच, ब्रेक जोरात दाबावा आणि वेग उतरत जाईल तसा पाय हलका करत यावे. नेमके उलटे केले, म्हणजे आधी भीत भीत आणि शेवटी घाबरून पूर्ण दाबला, तर चाके जाम होतात. जाम झालेले चाक फिरत नाही, नुसते घसरते. मग स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. चाक जाम होऊ न देणारी एबीएस ही सोय खेळातही असते. सुरुवातीला ती चालू ठेवावी. पुढे सराव झाल्यावर बंद करून पाहावी, म्हणजे पायाला अंदाज येतो.

शंभर रुपयांचा हिशेब

टायरची पकड ही पगारासारखी आहे. समजा, शंभर रुपये हातात आहेत. त्यातूनच ब्रेकचा खर्च, त्यातूनच वळण्याचा खर्च, त्यातूनच वेग वाढवण्याचा खर्च. सगळे शंभर ब्रेकवर उधळले तर वळायला दमडी उरत नाही. वळतानाच भरपूर रेस दिली तरी तेच. म्हणून खर्च एकामागून एक करायचा: आधी ब्रेक, मग वळण, आणि स्टिअरिंग सरळ होत जाईल तशी रेस. अनुभवी शर्यतपटू ब्रेक हळूहळू सोडत वळणात शिरतात, पण ती पुढची इयत्ता आहे. आधी एकेक काम वेगळे करायला शिकावे.

या हिशेबात आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे गाडीचे वजन. एसटीत उभ्याने प्रवास केलेल्या प्रत्येकाला ती ठाऊक आहे. ब्रेक लागला की सगळे पुढे झुकतात, गाडी उचलली की मागे. गाडीचा भारही तसाच सरकतो. ब्रेक लावल्यावर पुढच्या टायरांवर दाब वाढतो आणि मागचे हलके होतात. भर वळणात घाबरून एकदम पाय काढला किंवा ब्रेक मारला तर मागची बाजू हलकी होऊन फिरते आणि गाडी भोवरा होते. नवशिक्यांच्या निम्म्या गिरक्यांचे मूळ येथे सापडेल. उलट, वेग जास्त असताना स्टिअरिंग जोरात फिरवले तर पुढचे टायर घसरतात आणि गाडीचे तोंड वळतच नाही. अशा वेळी आणखी फिरवून उपयोग नसतो. रेस कमी करायची, स्टिअरिंग किंचित सोडायचे, टायरला पुन्हा रस्ता धरू द्यायचा. नवशिक्याला हे पटत नाही. हात उलटच धावतात. पन्नास वेळा चुकल्यावर हात ऐकू लागतात.

वळणाची वाट

वळण जितके मोठे, तितका वेग जास्त झेपतो. गणिताने सांगायचे तर चांगल्या पकडीच्या सपाट रस्त्यावर २५ मीटर त्रिज्येचे वळण सुमारे ताशी ५६ किलोमीटरने घेता येते, आणि १०० मीटर त्रिज्येचे सुमारे ताशी ११३ ने. म्हणून शर्यतपटू रस्त्याची सगळी रुंदी वापरतो. बाहेरच्या कडेने येतो, आतल्या कडेला स्पर्श करतो आणि पुन्हा बाहेरच्या कडेला जातो. त्याने वाकडी वाट थोडी सरळ होते.

येथे नवशिका फार लवकर वळतो. आत लवकर पोहोचतो, पण बाहेर पडताना रस्ता संपतो. उपाय एकच: थोडे थांबून वळायचे. शिरताना संथ, निघताना वेगात. जो वळणातून आधी सरळ होतो, त्याला पुढच्या लांब रस्त्यावर आधी पूर्ण रेस देता येते. शिरताना गमावलेला क्षण तेथे व्याजासह परत मिळतो.

नजरही शिकवावी लागते. नजर बॉनेटवर नको. आधी वळणाच्या आतल्या टोकावर, मग बाहेरच्या वाटेवर. डोळे जिकडे, हात तिकडे. खेळात रस्त्यावर हिरवी-लाल रेघ दाखवण्याची सोय असते. चार दिवस तिचा आधार घ्यावा, मग ती बंद करावी. नाहीतर मूल रेघ वाचायला शिकते, रस्ता वाचायला नाही.

सरावाची शिस्त

तासन्‌तास खेळून कुणी शिकत नाही. अर्धा तास पुरे, पण तो हेतूने खेळलेला असावा. आज फक्त ब्रेक, उद्या फक्त एक वळण. एका फेरीचा विक्रम पाहू नये. न घसरता, न आपटता लागोपाठ दहा फेऱ्या पुऱ्या झाल्या का ते पाहावे. दहा फेऱ्यांच्या वेळा वहीत लिहाव्यात. त्यांतला फरक कमी होत गेला की समजावे, प्रगती आहे. गाडी आपटली की लगेच बटण दाबून पुन्हा सुरू करू नये. रिप्ले पाहावा आणि स्वतःला विचारावे, चूक कुठे झाली? बहुतेक वेळा चूक आपटण्याच्या जागी नसते. ती शंभर मीटर मागे, ब्रेकच्या खुणेशी असते.

पडदा काय शिकवत नाही

आता नाण्याची दुसरी बाजू. २८ मार्च २०१५ रोजी जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग या सुमारे २१ किलोमीटर लांबीच्या अवघड धावपट्टीवर यान मार्डनबरो खरी शर्यत चालवत होता. एका चढाच्या माथ्यावर गाडीचे तोंड उचलले गेले, खाली वारा शिरला आणि गाडी उडून कुंपणापलीकडे प्रेक्षकांत पडली. एका प्रेक्षकाचा मृत्यू झाला, इतर काही जखमी झाले. २०२३ मध्ये त्याच्या जीवनावर चित्रपट आला. त्यात हा अपघात ल मान्सच्या यशाआधी घडलेला दाखवला आहे. प्रत्यक्षात तो दोन वर्षांनंतरचा आहे. यश मिळाल्यावर, भरपूर शिकून झाल्यावर तो घडला.

हे यानला दोष देण्यासाठी लिहीत नाही. तीच धावपट्टी ‘ग्रॅन टुरिझ्मो’मध्येही आहे. तेथे कितीही वेळा गाडी उलटली तरी कुंपणामागे कुणाचा जीव जात नाही. पडदा हात, पाय आणि नजर शिकवतो. पाठीला बसणारा हिसका, पोटातली भीती आणि दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी तो शिकवू शकत नाही.

म्हणून मुलांना दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. शर्यतीची वाट सार्वजनिक रस्त्यावर चालत नाही. घाटात आतली कड कापायला जाल तर समोरून ट्रक येत असेल. आणि खेळात कितीही पदके मिळोत, १८ वर्षे पूर्ण होऊन रीतसर लायसन्स मिळेपर्यंत मोटारीच्या चावीला हात लावायचा नाही. रस्त्यावर नेण्याजोगे जे आहे ते असे: लांब नजर, वळणाआधी कमी केलेला वेग, हलका हात, आणि चुकीचे मूळ मागे जाऊन शोधण्याची सवय.

घरात कुणी रिक्षा, टेम्पो किंवा एसटी चालवत असेल तर त्यांना एखादे दिवशी मुलाशेजारी बसवा. ‘‘काका, येथे तुम्ही ब्रेक कुठे लावाल?’’ असे मुलाला विचारू द्या. पडद्यावरच्या गाडीला न मिळालेला अनुभव त्या उत्तरात असेल. मग सुरुवातीचा प्रश्न मुलाला रागावून विचारावा लागणार नाही. खेळून ड्रायव्हर होशील का? खेळून सुरुवात होते. ड्रायव्हर व्हायला, शेजारी चालणाऱ्या माणसाचाही जीव आपल्या पायाखाली आहे, हे कळावे लागते.