रूट कॅनॉल केलेली दाढ पुन्हा का दुखते?

‘नस तर काढून टाकली, मग ही दाढ दुखतेच कशी?’ चिखली-मेहकरपासून मलकापूर-खामगावपर्यंत, आमच्या बुलढाणा जिल्ह्यात हा प्रश्न आम्ही अनेक घरांत ऐकतो. उत्तर ठाऊक नसले की दोनपैकी एक गोष्ट घडते. वाचू शकणारी दाढ उपटली जाते, नाही तर मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांवर महिने काढले जातात.

नस गेली तरी दाढ ज्या हाडात रुतलेली असते ते हाड जिवंत असते. दुखते ते तिथे. रूट कॅनॉलमध्ये डॉक्टर सडलेली नस काढतात, मुळांतल्या बारीक नळ्या औषधाने धुतात आणि गटापर्चा भरून बंद करतात. गटापर्चा हा एका झाडाच्या चिकापासून मिळणारा पदार्थ आहे. जंतू बाहेर ठेवणे, हाच या साऱ्याचा हेतू. १९६५ साली काकेहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत उंदरांच्या दाढांची नस उघडी केली. नेहमीच्या उंदरांची नस सडली. जंतूच नसलेल्या वातावरणात वाढवलेल्या उंदरांची नस मात्र जगली आणि जखम भरू लागली. म्हणजे खरा वैरी जंतूच.

ते परत येतात कसे? वरच्या पहिल्या दाढेला मुळे तीन असली तरी नळ्या बरेचदा चार असतात. चौथी फार बारीक असते. ती राहून गेली तर जंतू तिथे टिकून राहतात. दुसरे कारण अर्धवट उपचार. पहिल्या बैठकीतच ठणका थांबतो. मग सोयाबीनची सोंगणी येते, घरात निकाह निघतो, मुलांची फी भरायची असते, आणि पुढची तारीख राहून जाते. तात्पुरते भरलेले सिमेंट काही आठवड्यांत झिजते आणि लाळेबरोबर जंतू आत शिरतात. तिसरे कारण कॅप न बसवणे. पोखरलेली दाढ सुपारी फोडताना किंवा मटणाचे हाड चावताना तडकते. कॅपच्या कडेला नवी कीड लागली तरीही वाट मोकळी होते.

उपचारानंतर चार-सहा दिवस थोडे दुखणे नेहमीचे आहे. पण काही महिन्यांनी किंवा वर्षांनी चावताना कळ येणे, हिरडीवर पुटकुळी येऊन तिच्यातून पू झिरपणे, ही जंतू परतल्याची खूण असू शकते. कधी कधी काहीच दुखत नाही, फक्त एक्स-रेमध्ये मुळाशी काळा डाग दिसतो. म्हणून सहा महिन्यांनी किंवा वर्षाने एक्स-रे काढून हाड भरले की नाही हे पाहतात.

नुसत्या गोळ्यांनी हे बरे होत नाही. मेलेल्या दाढेच्या आत रक्तच पोहोचत नाही, मग रक्तातून जाणारे औषध तिथे कसे पोहोचणार? जुना मसाला काढून नळ्या पुन्हा साफ करणे हा पहिला उपाय. तो शक्य नसेल तर मुळाच्या टोकाशी छोटी शस्त्रक्रिया करतात. मूळच उभे चिरले असेल तर मात्र दाढ काढावी लागते. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत.

एका बाबतीत वाट पाहू नये. गाल किंवा हनुवटीखाली सूज वाढत असेल, ताप असेल, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा श्वास अडकू लागला, तर त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात जावे. अशी सूज जिवावर बेतू शकते.

घरातल्या बायकांचे दात सर्वांत शेवटी दाखवले जातात, हे आम्ही पाहतो. अम्मी एका बाजूने चावत राहते, मग भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागते, आणि घरात कुणाच्या ते लक्षातही येत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: बैठका किती, कॅप कधी आणि पुढचा एक्स-रे कधी? खर्चाचा अंदाज घेताना कॅपचे पैसे धरूनच घ्यावा. रमजान जवळ असेल तर तारखा तशा मागून घ्याव्यात. ठणका थांबला म्हणून उपचार संपला असे नाही. कॅप बसली की मगच तो पूर्ण होतो.